ज्याची त्याची बॅग

सुट्टीत कुठे जायचं ठरलं, की आमच्या घरात एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं, "आई, माझं ते घेतलंस ना?" आता 'ते' म्हणजे काय, हे आईनेच ओळखायचं! कधी मोबाइलचा चार्जर, कधी मुलाची टोपी, कधी यांचं दाढीचं सामान. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच असेल, नाही का?

तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघं रेल्वेने केरळला गेलो. आठवडाभर मी यादी करून, चष्मा लावून एकेक वस्तू तपासत बॅगा भरत होते. सगळ्यांचे कपडे, औषधं, चिवडा, लाडू, छत्र्या, शिवाय 'असू दे, लागलं तर' म्हणून घेतलेल्या पंधरा गोष्टी. स्टेशनच्या जिन्यावर मोठी बॅग हलेना, तेव्हा हे म्हणाले, "काय दगड भरलेस का गं?" त्या दगडांमध्ये यांचेच बूट आणि दोन स्वेटर होते, पण मी गप्प बसले. गाडी सुटल्यावर मासिक वाचायला काढलं आणि लक्षात आलं, चष्माच नाही! यादी वाचायला लावलेला चष्मा यादीपाशीच, स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिला होता. चौघांचं सगळं घेतलं आणि माझं तेवढं विसरलं. आठ दिवस हॉटेलातलं मेन्यूकार्ड लेकीकडून वाचून घेतलं.

यात घरच्यांचा दुष्टपणा नव्हता, हे मला कबूल आहे. "तुम्हाला नाही जमायचं, सरका बाजूला" असं म्हणून त्यांना ही सवय मीच लावली होती. पण तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. बॅग नीट भरण्याची पहिली युक्ती घड्या कशा घालायच्या ही नाहीच. बॅग कोण भरणार, हे ठरवणं ही पहिली युक्ती.

माझ्या लहानपणी प्रवासाला होल्डॉल असायचा. गाद्या, चादरी, उशा त्यात घालून पट्टे आवळायचे, हे काम वडिलांचं. गुडघा रोवून ते असा काही पट्टा ओढायचे, की आम्ही भावंडं बघत राहायचो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कपड्यांची ट्रंक आईकडे. म्हणजे निम्मं का होईना, पण काम वाटलेलं होतं. पुढे चाकांच्या बॅगा आल्या, होल्डॉल माळ्यावर गेला आणि त्याबरोबर पुरुषांच्या वाट्याचं कामही माळ्यावर गेलं! आईच्या वाट्याचं मात्र वाढतच गेलं. चाकं आली म्हणून ओझं कमी झालं नाही, उलट 'ओढायचीच तर आहे' म्हणून आपण जास्त भरायला लागलो. स्लीपरच्या एका तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेता येतं, म्हणून काय चौघांनी १६० किलो न्यायचं?

दुसरा धडा मला आमच्या बचत गटातल्या बायकांनी दिला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं आणि आमच्या गटात 'कुठेतरी जाऊ या' सुरू झालं. आम्ही बाराजणी तुळजापूर-अक्कलकोटला निघालो. नेहमीच्या एसटीने जायचं, सोलापूरला गाडी बदलायची, सामान उचलायला बरोबर कोणी पुरुष नाही. म्हणून मी नियम केला, की प्रत्येकीने एकच बॅग घ्यायची आणि ती स्वतःच्या खांद्यावर घेऊन घराचा जिना एकदा चढून-उतरून बघायचा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी गटातल्या एक काकू माझ्याकडे आल्या. साठीच्या घरातल्या. मोकळी पिशवी हातात घेऊन म्हणाल्या, "काय घेऊ गं मी? मला माझं असं काय लागतं?" मला आधी हसू आलं, मग पोटात कालवलं. या बाईने नवऱ्याच्या फिरतीच्या बॅगा भरल्या, मुलाची होस्टेलची ट्रंक भरली, लेकीच्या बाळंतपणाची पिशवी भरली. स्वतःसाठी एक पिशवी भरायची वेळ मात्र साठ वर्षांत आली नव्हती. आम्ही दोघी बसलो आणि एकेक ठरवत गेलो. गोळ्या, टॉवेल, भजनाची वही. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "कपाटात एक हिरवी साडी पडलीये बघ, भाचीच्या लग्नातली. ती घेऊ?" म्हटलं, "तीच आधी घ्या!"

दुसऱ्या दिवशी आणखी एक गंमत. गंमत कसली म्हणा! बस सुटली आणि आमच्यातल्या दोघी-तिघी झोपूनच गेल्या. का, तर रात्री एकपर्यंत घरच्यांसाठी दोन दिवसांचं करून ठेवत होत्या. कणीक भिजवून फ्रीजमध्ये, भाज्या चिरून डब्यांत, दूधवाल्याला निरोप, तुळशीला पाणी घालायची चिठ्ठी. पुरुष प्रवासाला निघतो तेव्हा बॅग भरतो. बाई निघते तेव्हा आधी मागे राहणारं घर भरून ठेवते आणि वेळ उरलाच तर स्वतःची बॅग. तरी तुळजापूरला रांगेत उभ्या असताना एकीला फोन आलाच, "अगं, साखरेचा डबा कुठाय?" ती बिचारी देवीसमोर फडताळाचा कप्पा सांगत होती.

मैत्रिणींनो, दोन दिवस घर आपलं आपण चालवू शकतं. खिचडी कोणालाही येते, आणि येत नसेल तर शिकायला दोन दिवस पुष्कळ झाले. साखर न सापडल्याने आजवर कोणाचं अडलेलं नाही.

आता प्रत्यक्ष बॅगेविषयी. माझा चष्मा विसरून झालेलं शहाणपण सांगते. यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. परत आल्यावर जे वापरलंच नाही त्यावर काट मारा, पुढच्या वेळी ते आपोआप गळतं. निघायच्या आदल्या दिवशी सगळं पलंगावर मांडा आणि त्यातलं पाव सामान परत कपाटात ठेवा. चार दिवसांना कपड्यांचे तीन जोड पुरतात. रात्री धुऊन सकाळी वाळतील असे घ्यावेत, म्हणून नायलॉनची दोरी आणि चार चिमटे हवेतच. कपडे गुंडाळून भरले की जागा कमी लागते. जड वस्तू चाकांच्या बाजूला तळाशी, बुटांच्या आत मोजे. तेलाची बाटली आणि लोणच्याची बरणी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, नाहीतर लोणच्याचा वास घरी परत येईपर्यंत सोबत करतो! रोजच्या गोळ्या, चष्मा आणि ओळखपत्र कधीही मोठ्या बॅगेत टाकू नका. ते खांद्यावरच्या पर्समध्येच. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँकही हातातल्या बॅगेत ठेवावी लागते, सामानात दिलेली चालत नाही. आणि वजन बघायला घरचा वजनकाटा पुरतो. आधी आपण उभं राहायचं, मग बॅग घेऊन. वजाबाकी केली की झालं.

पण हे सगळं ज्याने त्याने करायचं! मी आता घरी सांगून टाकलंय, की सात वर्षांपुढच्या प्रत्येकाने आपली बॅग आपण भरायची आणि आपणच उचलायची. सामायिक वस्तूंची एक पिशवी, तीही पाळीपाळीने. "अहो, पण मुलं विसरतात ना!" असं शेजारीण म्हणाली. विसरू देत की. गेल्या मे महिन्यात तारकर्लीला माझा मुलगा टॉवेल विसरला. मला आदल्या रात्रीच दिसलं होतं, पण मन घट्ट करून गप्प बसले. पठ्ठ्याने तीन दिवस टी-शर्टने अंग पुसलं. परत आल्याबरोबर, कोणी न सांगता, त्याने यादी केली आणि पहिला शब्द लिहिला 'टॉवेल'. मी दहा वर्षं ओरडून जे झालं नव्हतं, ते एका विसरलेल्या टॉवेलाने केलं. यांनीही आपली बॅग भरली. एक स्वेटर होताच, पण तो त्यांनीच वाहिला, त्यामुळे दगडांचा विषय निघाला नाही.

उद्या ही मुलं शिक्षणाला, नोकरीला बाहेर पडतील. तेव्हा कोणी 'ते' ओळखून बॅगेत टाकणार नाही. मुलाला हे यायला हवं, म्हणजे पुढे तो बायकोला "माझं ते घेतलंस का?" असं विचारणार नाही. मुलीला तर यायलाच हवं, म्हणजे साठीत पोचल्यावर मोकळी पिशवी हातात घेऊन "मला काय लागतं?" हे तिला दुसऱ्या कोणाला विचारायला लागणार नाही.

आमच्या त्या काकूंनी तुळजापूरला हिरवी साडी नेसली होती. परत आल्यावर त्यांनी पिशवी धुऊन माळ्यावर टाकली नाही, दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवलीये. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आता गणपतीपुळ्याचं कधी काढतेस?"

तेव्हा येत्या सुट्टीत सगळ्यात आधी स्वतःची बॅग भरा. आणि कोणी "माझं ते कुठाय?" असं विचारलं, तर शांतपणे सांगा, "तुझ्या बॅगेत बघ!" बघा, जमतंय का!