गावाची संमती म्हणजे कोणाची?

गावाला नको असलेली शाळा गावावर लादू नये, हा युक्तिवाद फार जुना आहे आणि वरकरणी तो लोकशाहीवादीही भासतो. आंद्रेई कोंचालोव्स्की यांच्या १९६५ सालच्या ‘पहिला शिक्षक’ या सोविएत चित्रपटाने त्याचा फोलपणा उघड केला आहे. चिंगीझ ऐतमातोव यांच्या लघुकादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात, १९२० च्या दशकाच्या प्रारंभी, लाल सैन्यातून आलेला द्युइशेन नावाचा तरुण किरगिझस्तानातील एका डोंगराळ वस्तीत शाळा काढतो. गाव त्याची टिंगल करते, मग विरोध करते. बाहेरच्या माणसाने गावाची शांत घडी विस्कटली, असे यावर कोणी सहज म्हणेल.

पण ती घडी होती तरी कशी? पोरक्या अल्तिनाईला तिच्या इच्छेविरुद्ध एका धनाढ्याच्या घरी दुसरी बायको म्हणून नेले जाते. गाव ते निमूटपणे पाहते. संमतीचा प्रश्न त्या वेळी कोणालाही सुचत नाही. तो सुचतो केवळ शाळेच्या वेळी! ज्यांच्या हाती गुरेढोरे आणि मुलींच्या लग्नाचे निर्णय, त्यांच्या होकाराला ‘गावाची संमती’ म्हणायचे असेल, तर अल्तिनाई गावाची कोणी लागत नव्हती काय? ही भूमिका करणाऱ्या नताल्या अरिनबासारोवा यांना १९६६ साली व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. परंतु चित्रपटातल्या गावाने त्या मुलीला साधे विचारलेही नाही.

याचा अर्थ द्युइशेन निर्दोष आहे असा नव्हे. त्याचे स्वतःचे शिक्षण तुटपुंजे, भाषा घोषणांची. लेनिनसुद्धा मरणार काय, असे एक पोर निरागसपणे विचारते, तेव्हा तो संतापाने बेभान होतो. प्रश्नाला भिणारा शिक्षक जुन्या आज्ञाधारकपणाच्या जागी नवा आज्ञाधारकपणाच रुजवीत असतो. सोविएत चित्रसंस्थांनीच काढलेल्या या चित्रपटाने हा दोष झाकला नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. मात्र या दोषावर उपाय म्हणजे अधिक चांगला शिक्षक. शाळेला टाळे लावणे हा नव्हे.

अखेरीस शाळा जळते. नवी उभारण्यासाठी द्युइशेन गावातल्या एकुलत्या एका पॉप्लर वृक्षावर कुऱ्हाड चालवतो. या वेळचा गावकऱ्यांचा आक्रोश खोटा नाही. ते झाड कोणा धनिकाचे नसून सर्वांचे आहे. अशा वेळी एक म्हातारा पुढे येतो आणि त्याच्या जोडीने घाव घालू लागतो. तोवर ती द्युइशेनची शाळा होती; दुसरी कुऱ्हाड पडली तेव्हा ती गावाची झाली. हा होकार द्युइशेनने आधी मागितला असता, तर कधीच मिळाला नसता. आणि तो गाव सोडून गेला असता, तरीही मिळाला नसता. गावाची तयारी होईपर्यंत थांबा, असा सल्ला देणाऱ्यांनी एवढेच सांगावे : तोवर अल्तिनाईने कोठे थांबायचे?