फोन आहे, खोली कुठे आहे?

रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी सरकारी रुग्णालये चारच. बाकीची ठाणे, येरवडा आणि नागपूरला. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला त्यांतले एक आले, हे भाग्यच म्हणायचे. पण गुहागर तालुक्यातल्या माणसाला तिथे पोहोचायचे तर आधी पंचेचाळीसेक किलोमीटरवरचे चिपळूण गाठून पुढे महामार्गाने जावे लागते, नाहीतर तवसाळला फेरीबोट धरून जयगडची खाडी ओलांडावी लागते. कुठूनही गेले तरी अख्खा दिवस मोडतो, रोजगार बुडतो, सोबतीला घरातले एक माणूस लागते आणि संध्याकाळी परतल्यावर वाडीला उत्तर द्यावे लागते ते वेगळेच. एकदा जाणे जमते. पण समुपदेशन म्हणजे आठवड्या-पंधरवड्याने, महिनोन्‌महिने चालणारे बोलणे. ते या हिशेबात कधीच बसत नाही, आणि म्हणून फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून होणारे समुपदेशन ही गुहागरसाठी शहरी चैन नाही, गरजेची सेवा आहे. ही सेवा आज कागदोपत्री प्रत्येकाच्या खिशात आहे. ती प्रत्यक्षात का पोहोचत नाही याचे कारण मात्र आपण चुकीच्या टोकाला शोधतो आहोत, असे माझे ठाम मत आहे.

पडद्यावरचे बोलणे म्हणजे दुय्यम उपचार, हा समज आधी बाजूला ठेवू. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात १९५९ मध्येच दुतर्फा दूरचित्रवाणीवरून मानसोपचार सुरू झाले होते आणि १९६४ मध्ये तिथल्या मानसोपचार संस्थेने ११२ मैलांवरचे एक सरकारी मनोरुग्णालय अशा जोडणीने आपल्याशी बांधून घेतले. आपल्याकडे चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेने पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या खेड्यांत बस फिरवून बसमधल्या पडद्यावर डॉक्टर आणले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवा २०१२ पासून फोन आणि ई-मेलवरून चालत आली. टाळेबंदी लागली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली मानस’ सुरू झाले. १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, फुकट, मराठीतसुद्धा. पहिल्या तीन वर्षांतच त्यावरच्या कॉलची संख्या २० लाखांच्या पुढे गेली. नैराश्य आणि चिंतेच्या विकारांत व्हिडिओवरून दिलेली विचार-वर्तन उपचारपद्धती समोरासमोरच्या उपचारांइतकीच लागू पडते, असे अनेक देशांतल्या चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. तीव्र भ्रमावस्था, आत्महत्येचा तातडीचा धोका, घरात चालू असलेली मारहाण, अगदी लहान मुले, इथे पडदा अपुरा पडतो. पण म्हणून उरलेल्या मोठ्या वर्गाला वाट बघायला लावण्याचे काही कारण नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांसाठी ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे आढळले होते. त्या पाहणीतल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी आपले चित्र फार निराळे असेल असे मानायला आधार नाही.

मग अडते कुठे? समुपदेशकाच्या खोलीत खुर्ची असते, पाण्याचा पेला असतो आणि बंद होणारे दार असते. यातले दार हे उपचाराचे पहिले साधन. ते पुरवणे ही आजवर उपचार करणाऱ्याची जबाबदारी होती. ऑनलाइन पद्धतीत ती गुपचूप रुग्णावर आली, आणि तिची कोणी दखलही घेतली नाही. मुंबईतल्या नोकरदाराला निदान गाडीत बसून बोलता येते. वेळणेश्वर किंवा पालशेतच्या घरात काय होते ते पाहा. ओटीवर सासरे, माजघरात सासू, पडवीत शेजारीण सुपारी सोलत बसलेली. भिंती आढ्यापर्यंत पोहोचलेल्या नाहीत, त्यामुळे एका खोलीतला खोकला तिसऱ्या खोलीत ऐकू येतो. फोनला रेंज मिळते ती अंगणाच्या एका कोपऱ्यात किंवा वर सड्यावर गेले तर. अशा घरातली बाळंतीण १४४१६ फिरवते तेव्हा पलीकडच्या समुपदेशकाला ऐकू येते ते इतकेच: हो, नाही, बरं आहे, नंतर करते. तिच्या मनात बाळाविषयी येणारे भयंकर विचार ती अंगणातून कसे सांगणार? यावर समुपदेशकांनी युक्त्या काढल्या आहेत. हो-नाहीत उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारायचे, इअरफोन लावायला सांगायचे, बोलण्याऐवजी लिहायला सांगायचे, कोणी जवळ आले तर उच्चारायचा एखादा साधा शब्द आधीच ठरवून ठेवायचा. युक्त्या चांगल्या आहेत, पण युक्तीच्या आधारावर सहा महिन्यांचा उपचार उभा राहत नाही.

या क्षेत्रातल्या नैतिकतेची चर्चा मात्र जवळपास सगळी पलीकडच्या टोकाविषयी होते. ती अनाठायी मुळीच नाही. फिनलंडमध्ये ‘वास्तामो’ या मानसोपचार कंपनीच्या हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये एकेका रुग्णाला थेट निरोप पाठवून खंडणी मागितली गेली. अमेरिकेतल्या ‘बेटरहेल्प’ने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर देण्याची पाळी तिच्यावर आली. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते; ‘समुपदेशक’ अशी पाटी मात्र वर्षानुवर्षे कोणीही लावू शकत आला. २०२१ च्या कायद्याने हा व्यवसाय नोंदणीच्या कक्षेत आणला खरा, पण अंमलबजावणी रखडत चालली आहे. ती आधी व्हावी. पैसे देण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारण्याची सवय आपणही लावून घ्यावी. तरीही हे लक्षात घ्यायला हवे, की गुहागरच्या माणसाला हॅकरची भीती नाही. त्याला भीती आहे पडवीतल्या माणसाची. त्याचे गुपित फुटायला सर्व्हर फुटावा लागत नाही.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. गुहागरच्या ग्रामीण रुग्णालयात आणि आबलोली, हेदवी, तळवलीसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एकेक खोली ऑनलाइन समुपदेशनासाठी राखून ठेवावी. आतून कडी लागणारे दार, बाहेर आवाज जाणार नाही इतपत बंदोबस्त, एक संगणक, तारेवरून येणारे इंटरनेट आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. शेवटच्या दोन गोष्टी कोकणात सोडून चालत नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत वीज आणि फोन दिवसेंदिवस नव्हते, आणि माणसांना बोलण्याची सर्वांत जास्त गरज नेमकी त्याच दिवसांत होती. खोलीबरोबर एक कर्मचारीही हवा. त्याने खोली उघडून द्यायची, जोडणी लावून द्यायची आणि बाहेर पडायचे. कोण कशासाठी बोलतो आहे हे त्याला कळता कामा नये. हे काम शक्यतो आशाताईंवर टाकू नये. त्यांच्या निष्ठेविषयी शंका नाही, पण त्या त्याच वाडीच्या असतात आणि त्यांच्यासमोर तोंड उघडणे रुग्णाला जड जाते.

हा कर्मचारी आणखी एका कारणासाठी लागतो. चांगला दूर-समुपदेशक पहिल्या पाच मिनिटांत चार गोष्टी विचारून घेतो: आत्ता नेमके कुठे आहात, जवळ कोण आहे, फोन तुटला तर मी कोणत्या क्रमांकावर लावू, आणि तुमच्या जिवाला धोका वाटला तर कोणाला कळवू. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे नोंदवता येतात. चौथ्याचे उत्तर गावात माणूस असल्याशिवाय निरर्थक आहे. शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या समुपदेशकाला रात्री नऊ वाजता अडूरच्या एखाद्या वाडीत कोणाला पाठवायचे हे कसे कळावे? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण तिला वाट दाखवणारा आणि ती येईपर्यंत रुग्णाजवळ बसणारा स्थानिक माणूस त्या साखळीत नावानिशी नोंदलेला हवा.

यावर पहिली हरकत अशी येईल, की अशा खोलीत शिरणारा माणूस सगळ्या गावाला दिसेल. घरातला फोन निदान झाकलेला असतो. हरकत खरी आहे आणि म्हणूनच खोलीवर ‘मानसिक आरोग्य’ अशी पाटी नसावी. रक्तदाब, मधुमेह, लसीकरण यांसाठी माणसे आरोग्य केंद्रात येतच असतात. त्याच रांगेतून, त्याच केसपेपरवर आत जाता आले तर कोणाला काय कळणार? ज्याला घरूनच बोलणे सोयीचे आहे त्याचा मार्ग तर उघडाच आहे. दुसरी हरकत तरुण मंडळींची: आता चॅटबॉट आहेत, ते कोणाला सांगत नाहीत, रात्री दोनलाही जागे असतात, मग खोली कशाला? एकटेपणात कोणाशी तरी बोलावेसे वाटणे मी समजू शकतो. संगणकाशी मन मोकळे करण्याची ओढ १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी बनवलेल्या ‘एलायझा’पासून दिसते आहे आणि स्वतः वायझेनबॉमच तिच्यामुळे अस्वस्थ झाले होते. पण यंत्राला नोंदणी क्रमांक नाही, चूक झाली तर त्याला जाब विचारता येत नाही आणि वाडीत माणूस पाठवण्याची त्याची जबाबदारी नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने २०२५ मध्ये यंत्राकरवी मानसोपचार देण्यावर कायद्याने बंदी घातली, ती याच काळजीपोटी.

तिसरी हरकत पैशाची. तिला फारसा अर्थ नाही. इमारती उभ्या आहेत, १४४१६ चा खर्च सरकार करतेच आहे. उरतो तो दार, संगणक आणि इन्व्हर्टरचा खर्च. जिल्हा नियोजन समितीच्या निधीत तो सहज बसतो. त्यातून जे मिळेल ते दवाखान्यात जाऊनही मिळत नाही, आणि या तालुक्यासाठी ते फार मोलाचे आहे. इथली कितीतरी घरे दोन ठिकाणी विभागलेली आहेत: नवरा मुंबईत किंवा आखातात, बायको आणि म्हातारी माणसे गावात. दारूचा प्रश्न असो, संशयाचा असो की वर्षानुवर्षांच्या अबोल्याचा, दोघांना एकत्र बसवल्याखेरीज तो सुटत नाही, आणि चाकरमानी गणपतीला येतो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेले असते. एका पडद्यावर समुपदेशक, दुसऱ्यावर डोंबिवलीतला नवरा आणि आरोग्य केंद्राच्या बंद खोलीत बायको, अशी बैठक पूर्वी शक्यच नव्हती.

सुरुवात एकाच ठिकाणी, गुहागरच्या ग्रामीण रुग्णालयात करावी आणि वर्षभराने हिशेब मांडावा. मात्र किती कॉल झाले हा आकडा त्यात पहिला नको. पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी परत आले, त्यांत बायका किती, आणि मध्येच सोडून गेलेल्यांनी कारण काय सांगितले, हे नावे न नोंदवता लिहून ठेवावे. आबलोली आणि हेदवीची खोली कशी असावी हे त्या नोंदींवरून ठरवता येईल.