सापडलेली दृश्ये आणि पाठचिकित्सा

फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटावर विस्कळीत कथानकाचा आक्षेप दीर्घकाळ घेतला गेला. मात्र ज्या संहितेवर तो घेतला गेला, तीच खंडित होती. १९२७ मधील बर्लिनच्या पहिल्या प्रदर्शनानंतर वितरकांनी चित्रपटाचा सुमारे चौथा भाग वगळला. २००८ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मि.मी.ची प्रत उजेडात आली. तिच्यातून सुमारे २५ मिनिटांची दृश्ये मिळाली, गौण पात्रांचे हेतू स्पष्ट झाले आणि दृश्यक्रमही निश्चित करता आला. २०१० च्या पुनर्रचित आवृत्तीत या दृश्यांवरील ओरखडे पूर्णतः पुसता आले नाहीत. हे इष्टच झाले. जोड कोठे आहे, हे त्यामुळे लपत नाही. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही शिस्त परिचित आहे.

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’बाबत तिची गरज अधिकच आहे. चार रिळांपैकी पहिले व अखेरचे एवढीच उपलब्ध आहेत. तीही १९१३ ची की १९१७ च्या पुनर्निर्मितीची, याविषयी मतभेद आहेत. त्याचा निर्णय होण्यापूर्वी त्यांच्या आधारे फाळके यांच्या आरंभीच्या शैलीविषयी ठाम विधाने करणे, म्हणजे उत्तरकालीन प्रतीला मूळ संहिता मानण्याचा धोका पत्करणे होय.