गोधडीचा महिना

वाचकहो, चैत्र सरत आला की घरोघरी पेट्या उघडतात. शाली-स्वेटर उन्हात पडतात, डांबराच्या गोळ्या बदलल्या जातात आणि पेटीच्या तळाशी एक गाठोडे निघते: विरलेली लुगडी, धोतरे, मुलांना अपुरे पडलेले सदरे. त्याचे करावे काय, हा प्रश्न दर वर्षी नव्याने पडतो. बोहारणीला देऊन एखादे पातेले घ्यावे, हा जवळचा मार्ग. दुसरा मार्ग गोधडीचा. तो लांबचा आहे. त्याला महिना लागतो. आज त्याच महिन्याविषयी आपल्याशी बोलायचे आहे.

आपण कोणत्याही प्रांतात राहत असाल, तरी ही वस्तू आपल्याला परकी नाही. आम्ही राहतो त्या धारवाडकडे तिला कौदी म्हणतात. येथून जवळच हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या स्त्रिया कवंदी शिवताना कडेपासून सुरुवात करून टाके घालीत मध्याशी येतात, आणि चारी कोपऱ्यांवर घडीची त्रिकोणी फुले बसल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत. कच्छ-राजस्थानात रल्ली आहे, बंगालात कांथा आहे. बिहारात जुन्या साड्यांची सुजनी शिवून तान्ह्या बाळाला तिच्यात गुंडाळण्याची रीत आहे. नावे निराळी, नक्षी निराळी. परंतु जुने कापड, त्याचे थर आणि साधा धावदोरा ही त्रयी सर्वत्र एकच.

जुनेच कापड का, असे नव्या गृहिणी विचारतात. त्यामागे काटकसर आहेच, पण शहाणपणही आहे. वर्षानुवर्षे धुतलेले सुती कापड मऊ पडलेले असते आणि आटायचे तेवढे आटलेले असते. कोरे कापड न धुता मध्ये घातले, तर पहिल्याच धुण्यात ते आकसते आणि सगळ्या गोधडीला चुण्या पडतात. ऊबदेखील केवळ कापडाची नसते. थराथरांत अडकलेल्या हवेची असते. म्हणून विरळ, हलका धावदोराच तिला मानवतो.

आता थोडा हिशेब करू. नऊवारी लुगड्याचे चार समान भाग केले, तर प्रत्येक सव्वादोन वारांचा, म्हणजे पावणेसात फूट लांबीचा होतो. एक खाली, एक वर आणि दोन आत, एवढ्यात एका माणसाची गोधडी होते. पन्हा ४८ इंच धरला आणि दीड-दीड इंचावर टाक्यांची ओळ घातली, तर साधारण ३२ ओळी होतात. रोज दोन ओळी म्हटल्या की १६ दिवस. त्याआधीचा आठवडा धुण्या-वाळवण्यात आणि फाटके भाग काढण्यात जातो. दुसरा थर जुळवून कच्चे टाके घालण्यात. महिना असा भरतो.

गेल्या वैशाखात आमच्या घरी गोधडी घातली, ती अशीच. लुगडे सासूबाईंचे होते. त्यांच्या पेटीत मामंजींचे एक धोतर होते. मामंजी जाऊन तीन वर्षे झाली, तरी ते ना कुणाला दिले गेले, ना कधी नेसले गेले. दर उन्हाळ्यात त्याला ऊन दाखवायचे आणि पुन्हा घडी करून ठेवायचे, एवढेच. त्याचा विषय आम्ही कुणी काढीत नसू. माजघरात थर अंथरलेले होते. कच्चे टाके घालायला मी सुई घेतली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आज राहू दे.” दोन दिवस थर तसेच राहिले, आम्ही कडेकडेने वावरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ते धोतर आणले आणि स्वतःच्या हाताने त्याचे दोन भाग केले. मी विचारले, “वर लावू का?” त्या म्हणाल्या, “आत घाल. वर लावलंस तर धुऊन धुऊन विरेल.”

त्यानंतर मात्र रोज दुपारी त्या शेजारी येऊन बसू लागल्या. त्यांच्या डोळ्यांना सुईचे नेढे दिसत नाही. शाळेला सुट्टी लागलेला नातू दोरा ओवून देई आणि आजोबांच्या गोष्टी काढून घेई. तीन वर्षांत घरात झाल्या नव्हत्या इतक्या त्या गोष्टी त्या पंधरा-सोळा दुपारींत झाल्या. हात गुंतलेले असले आणि नजर टाक्यावर असली, की अवघड बोलणेही सोपे होते.

बंगाली कवी जसीमउद्दीन यांच्या १९२९ सालच्या ‘नक्षी काँथार माठ’ या काव्यातील नायिका पतीच्या विरहात आपल्या आयुष्याची कहाणी कांथ्यावर शिवते. आपल्याला तेवढे कसब नसेल. नसू दे. आपल्या साध्या टाक्यांतही घरातील माणसे मावतात.

शिवणयंत्रावर हे काम दोन दिवसांत उरकता येईल, हे खरे. पण हाताच्या टाक्याला स्वतःची गती असते. दोरा घाईने ओढला तर कापड गोळा होते. सैल सोडला तर पायाचे बोट अडकून टाका उसवतो. त्या दोहोंमधली गती हाताला सापडली, की मनही त्याच चालीने चालू लागते. भ्रमणध्वनी त्या तासापुरता दुसऱ्या खोलीत ठेवावा, एवढे पथ्य पुरे.

ज्यांना यंदा आरंभ करायचा असेल, त्यांनी मोठ्या मापाच्या मोहात पडू नये. बाळाच्या दुपट्याएवढी, चार थरांची गोधडी घ्यावी. थर सपाट जमिनीवर अंथरावेत आणि मध्यापासून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात. कच्चे टाके वीतभर अंतरावर उभे-आडवे घालावेत. सुई लांब आणि जाड घ्यावी. सहा-सात थरांपुढे तिच्यावर जोर करू नये. पक्की शिवण पुरी झाली, की कच्चा दोरा काढून टाकावा आणि गोधडी एकदा धुऊन उन्हात घालावी.

आणि एक गोष्ट अवश्य करावी. गाठोडे सोडाल तेव्हा घरातील वडील माणसांना जवळ बसवा. कोणते वस्त्र कोणाचे, केव्हाचे, हे त्यांना विचारा. कात्री त्यानंतर हाती घ्या.