टपाली मत बाद झालं, तर मतदाराला कळतं का?

बेलापूरमध्ये २०२४च्या विधानसभा निवडणुकीत मंदा म्हात्रे ३७७ मतांनी जिंकल्या. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये अंतर त्याहून कमी होतं. ईव्हीएमच्या मोजणीत अमोल कीर्तिकर १ मताने पुढे होते. टपाली मतं धरून रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. तिथे १११ टपाली मतं बाद झाली होती.

मोजणी कशी होते?
सकाळी ८ वाजता सुरुवात टपाली मतांपासूनच होते. बाहेरचा लिफाफा उघडून आधी घोषणापत्र तपासतात. सही किंवा साक्षांकन नसेल, मतपत्रिकेचा क्रमांक जुळत नसेल, तर आतला लिफाफा न उघडताच मत बाद. विजयाचं अंतर बाद मतांपेक्षा कमी असेल, तर ही मतं पुन्हा तपासावी लागतात.

मग अडचण काय?
निवडणूक ड्युटीवरच्या शिक्षकाला किंवा पोलिसाला आपलं मत बाद झाल्याचं कोणी कळवत नाही. पुढच्या वेळी तीच चूक पुन्हा होऊ शकते. आतला लिफाफा बंदच राहतो, त्यामुळे कारण सांगितल्याने गुप्तता मोडत नाही. ‘घोषणापत्रावर सही नव्हती’ एवढा एक एसएमएस पुरेसा आहे. आयोगाने तो पाठवायलाच हवा.