नकाशात गट आहे, बाई कुठे आहे?



सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यानं गोदाकाठची रानं कित्येक दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही काही कार्यकर्त्या अंबड तालुक्यातल्या गावांमधून फिरत होतो. एका गावात चाळिशीच्या आतली एक बाई भेटली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, पदरात दोन मुली. दोन एकर कापूस तिनं स्वतः लावलेला, आणि बोंडं झाडावरच काळी पडलेली. ती आम्हाला म्हणाली, "ताई, सरकी मी टोबली, खुरपलं मी, फवारणीला पाणी मी वाहिलं. मोबाइलमधी मातर कापूस भायाच्या नावावर हाये."

आधी तिच्या बोलण्याचा अर्थच लागेना. सातबारा आणि मोबाइलवरची पीक पाहणी समोर ठेवून बसलो, तेव्हा कोडं सुटलं. सासरा वारल्यावर जमीन दोन्ही मुलांच्या नावे सामाईक लागली होती. पुढं धाकटा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, वारला. त्याच्या जागी हिचं आणि मुलींचं नाव लागायला हवं होतं, पण ते लागलंच नाही. "घरचंच तर आहे, घाई कशाला?" असं मोठा दीर म्हणत राहिला आणि हिला ते खरं वाटलं. दिराचं नाव सातबाऱ्यावर असल्यामुळे त्याला शेतकरी ओळख क्रमांक मिळाला. त्यानं गटात उभं राहून फोटो काढला आणि सगळ्या गटाची पीक पाहणी आपल्या खात्यावर नोंदवून टाकली. हिचे दोन एकर त्याच गटात असल्यानं तेही त्यातच गेले. सेवा केंद्रातल्या पोरानं तिला सांगितलं, "तुमचं नाव सिस्टीम घेत नाही." नवऱ्याचं नाव आहे, पण नवरा नाही. ती स्वतः आहे, पण तिचं नाव नाही.

या "सिस्टीम"बद्दल आज मला तुमच्याशी बोलायचं आहे. हा विषय इंजिनिअर लोकांचा, आपल्याला त्यात काय कळतं, असं म्हणून आपण तो बाजूला ठेवतो. आपलं नुकसान तिथंच सुरू होतं.

साखळी कशी आहे

सातबारा, गावाचा नकाशा, पिकाची नोंद, आधार, बँक खातं, पीक विमा यांची दप्तरं पूर्वी वेगवेगळी होती. ती सांभाळणारी माणसं वेगळी होती आणि बऱ्याचदा एका दप्तराला दुसऱ्याचा पत्ता नसायचा. आता ही सगळी दप्तरं संगणकावर एकमेकांना जोडली जात आहेत. महाराष्ट्रात ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. त्यात शेतकऱ्यानं आपल्या मोबाइलवरून पिकाचा फोटो काढायचा, फोटोबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात आणि पीक सातबाऱ्यावर चढतं. पुढच्या काळात गावनकाशेच यात आले. फोटो काढणारा माणूस त्या गटात आहे की नाही, हे नकाशावरून संगणक स्वतः तपासू लागला.

यानंतर ॲग्रिस्टॅक आली. ती तीन खांबांवर उभी आहे. पहिला खांब शेतकऱ्यांची नोंदवही, दुसरा अक्षांश-रेखांशांशी जुळवलेले गावनकाशे, तिसरा पेरलेल्या पिकांची नोंदवही. या तिन्ही एकमेकींशी बोलतात, आणि त्या बोलण्यातून जो शेतकरी ठरतो तोच पुढं अनुदानाच्या, विम्याच्या, कर्जाच्या दारापर्यंत पोचतो. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याच वर्षीच्या खरिपापासून पीक विम्यासाठीही हा क्रमांक आणि ई-पीक पाहणी लागते.

या साखळीत प्रत्येक कडी पुढच्या कडीला आपोआप हाक देते. मधे कोणाला विचारण्याची गरज उरत नाही. आणि साखळीची पहिलीच कडी आहे खातेदाराचं नाव. तिथं बाईचं नाव नसेल तर पुढच्या एकाही कडीत ते येत नाही. पूर्वी एका वहीत चूक असली, तर तिच्यामुळे एक काम अडायचं. आता तीच एक चूक सगळ्या दारांना एकदम कुलूप लावते.

जुने दिवस सोन्याचे नव्हते

पूर्वी सगळं बरं होतं, असा माझा दावा नाही. तलाठी बांधावर यायचा, त्याला माहीत असायचं की हे रान विधवा सून कसते. चांगला असला तर तो पंचनाम्यात तिचं नाव घ्यायचा. पण सगळं त्याच्या चांगुलपणावर. नसला चांगला, तर सरपंचाच्या ओट्यावर बसून पंचनामा व्हायचा, आणि त्या ओट्यावर बाई कधी चढलेली नसायची.

याद्यांचं काय होतं, तेही आपण याच तालुक्यात पाहिलं आहे. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या अतिवृष्टी अनुदानाच्या वाटपातला कोट्यवधी रुपयांचा गैरव्यवहार २०२५ साली बाहेर आला. नसलेले लाभार्थी यादीत घुसवल्याचे आरोप झाले, तलाठी निलंबित झाले, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. यावर प्रामाणिकपणे बोलायचं तर सातबारा, नकाशा आणि पीक यांची जोडणी पक्की असती, तर जमीन नसलेल्याच्या नावे पैसे काढणं अवघड झालं असतं. म्हणून "हे सगळं बंद करा" असं म्हणणाऱ्या मैत्रिणींशी मी सहमत नाही. जोडणी व्हावी. माझा प्रश्न असा आहे की कशाची जोडणी कशाशी करायची, हे ठरवतं कोण? आणि कोणाच्या सोयीसाठी?

संगणक बाई-पुरुष असा भेद करत नाही, असं अधिकारी सांगतात. ते खरं आहे. तो भेद करत नाही, झालेला भेद तो इमानेइतबारे पुढं नेतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांपैकी शंभरांत जेमतेम चौदा स्त्रिया होत्या. शेतातलं खुरपणं, वेचणी, काढणी कोणाच्या कमरेवर चालते, हे मराठवाड्यात कोणाला सांगावं लागत नाही. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांमधल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली होती. त्यातल्या ४० टक्के स्त्रियांना त्या कसत असलेल्या जमिनीवरचा हक्क तोवर मिळालेला नव्हता. या वहीवर आपण नकाशा, आधार आणि बँक रचतो आहोत. पाया वाकडा असेल तर वरचे मजले सरळ येतील का?

नाव लागणं म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही

कायदा तर आपल्या बाजूनं केव्हाचा आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या हिश्शाची पहिल्या वर्गाची वारस म्हणून त्याची बायको मुलामुलींच्या आणि सासूच्या बरोबरीनं उभी आहे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा विचार गावोगाव गेला आणि १९९२ मध्ये सरकारनं तो आदेशात आणला. नवरा जिवंत असतानाच त्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय त्यात आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. बाप २००५ मध्ये हयात असो वा नसो, मुलीचा हा हक्क जन्मानं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं.

कायदा इतका चालून आला, तरी सातबाऱ्याच्या उंबऱ्याशी येऊन तो थांबतो. कारण वारसाची नोंद आपसूक होत नाही. माणूस गेल्यावर वारसांनी तीन महिन्यांत कळवायचं, अर्ज करायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा. मग वारस नोंदवहीत नोंद होते, फेरफार निघतो, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते. हे सगळं कोणी करायचं? बऱ्याच घरांत जिला नवरा गेल्यावर घराबाहेर पडायची मुभा नाही, जिच्या हातात कागद नाहीत, आणि जिनं अर्ज केला तर "हिस्सा मागायला निघाली" म्हणून उद्यापासून बोलणं बंद होईल, तिनं.

आता जरा विचार करा. फोटो काढणारा गटाच्या बाहेर आहे, हे संगणकाला कळतं. आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव यात एका अक्षराचा फरक आहे, हे कळतं. पण ग्रामपंचायतीत ज्याच्या मृत्यूची नोंद झाली, तोच माणूस चार घरं पलीकडच्या तलाठी कार्यालयात अजून जिवंत खातेदार आहे, हे त्याला कळत नाही! या दोन वह्या एकमेकींशी आपोआप का बोलत नाहीत? नाकारण्यासाठी लागणाऱ्या जोडण्या आधी झाल्या, देण्यासाठी लागणारी जोडणी मागं राहिली.

एप्रिल २०२५ पासून राज्यभर "जिवंत सातबारा" मोहीम राबवली गेली. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यात तिची सुरुवात झाली होती. मयत खातेदारांच्या याद्या करून वारसांची नावं लावायची, हे काम चांगलंच झालं. त्याचं मोकळेपणानं स्वागत करायला हवं. पण मोहीम येते आणि जाते. माणसं मात्र बाराही महिने मरतात.

रांगोळीतला नकाशा

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आम्हाला गावातल्या लोकांकडून नकाशा काढून घ्यायला शिकवलं होतं. कामाला लागल्यावर मी तो प्रयोग बायांबरोबर अनेकदा केला. समाजमंदिराच्या फरशीवर रांगोळी आणि हळद-कुंकू घेऊन बसलो की दोन तासांत गाव उभं राहतं. त्यात विहीर असते, ओढा असतो, रात्री जायला भीती वाटते तो रस्ता असतो. आणि रानं असतात, ती गट क्रमांकानं नाही, कसणाऱ्या बाईच्या नावानं. "हे शांताचं, हे पारूचं, ते तिकडचं आक्काचं." कोण कुठपर्यंत कसते, बांध कुठे आहे, याबद्दल दहा बायांत वाद होत नाही.

सरकारी नकाशात गटाची बाहेरची रेघ असते. मोजणी होऊन पोटहिस्सा पडला नसेल तर आतल्या वाटण्या, आतले बांध त्यात दिसत नाहीत. म्हणून सामाईक गटातल्या बाईचे दोन एकर संगणकाला दिसतच नाहीत. गायरान कसणाऱ्या दलित आणि पारधी बायांची गत तर याहून वाईट. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करण्याचा आदेश १९९१ मध्ये निघाला, तरी कित्येकींच्या हातात अजून सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून नुकसानही नाही! पाऊस मात्र त्यांच्या रानावरही तेवढाच पडला.

आपण काय मागायचं

ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद झाली की त्याच क्षणी वारस फेरफाराचं काम आपोआप सुरू व्हावं. बायकोनं आणि मुलींनी अर्ज करण्याची वाट पाहू नये. त्यांची नावं गाळायची असतील तर कारण लेखी द्यावं लागावं. मुलींची हक्कसोडपत्रं मात्र आपोआप होता कामा नयेत. तिथं थांबून, तिला एकटीला विचारूनच पुढं जावं.

सामाईक गटात प्रत्यक्ष कसणाऱ्या बाईला आपल्या वहिवाटीपुरती पीक नोंद करता यावी, आणि ती नोंद चावडी वाचनात व महिला ग्रामसभेत वाचली जावी. रांगोळीच्या नकाशातलं ज्ञान सरकारी नकाशात जाण्याचा मार्ग हाच आहे.

"सिस्टीम घेत नाही" हे उत्तर बंद व्हावं. नाकारलं तर का नाकारलं, हे मराठीत लेखी मिळावं. दुरुस्ती कोण करणार त्या अधिकाऱ्याचं पद आणि दुरुस्तीची मुदत त्यावर असावी. यंत्रानं चूक केली असं म्हणून माणसांना सुटता येऊ नये.

आणि मागण्यांबरोबर आपलं कामही आहे. प्रत्येक बचत गटानं पुढच्या बैठकीत एकच करावं: आपापला सातबारा आणि आठ-अ घेऊन बसावं. ज्याला वाचता येतं तिनं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. कोणाच्या सातबाऱ्यावर मयत माणूस अजून खातेदार आहे, ते वहीत लिहून काढावं आणि त्या बाईबरोबर दोघींनी तलाठ्याकडे जावं. तिला एकटीला पाठवू नये.

आमच्या त्या गोदाकाठच्या मैत्रिणीनं वारस नोंदीचा अर्ज दिला आहे. दीर अजून बोलत नाही. सासू मात्र परवा हळूच म्हणाली, "माझं बी नाव लागतं म्हनं त्यात?" लागतं मावशी. कायद्यानं लागतं. त्या दोघी आता एकाच अर्जात आहेत.

या जोडणीच्या काळात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, ती विसरू नका. चुकीचं नाव जसं सगळीकडे आपोआप जातं, तसं बरोबर नावही जाईल. सातबाऱ्यावर एकदा बाई आली की पिकात, विम्यात, अनुदानात तिला येऊ द्यायला दरवेळी वेगळी लढाई लागणार नाही. म्हणून पहिली कडी धरायची. तिथंच जोर लावायचा.

तुमच्या गावांत काय अनुभव आहेत, जरूर लिहून पाठवा.