दारातली गाडी कुणाची?

मी बँकेत कारकून. वीस वर्षं नोटा मोजतो आहे, अर्थात दुसऱ्यांच्या! त्यामुळे धंद्याविषयी दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे, असं माझं नम्र मत आहे. आमच्या सौभाग्यवतींचं नाही.

परवा आमच्या एका कापडदुकानदार मित्राला मी म्हणालो, "शेठ, केजच्या बाजारात कडेने चालायला मोकळी जागा हवी." शेठ गादीवर असे दचकले, की जणू मी त्यांचा ओव्हरड्राफ्टच बंद केला!

"अहो साहेब, दारात गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक येईल कसं? धंदा बसेल!"

मी दारात पाहिलं. तीन मोटरसायकली उभ्या होत्या. एक शेठची, एक चिरंजिवांची, तिसरी नोकराची. गिऱ्हाईक एकच होतं. नांदूरघाटहून एस.टी.ने आलेली एक आजी. ती स्टँडवरून ट्रक चुकवत चालत आली होती आणि या तीन गाड्यांमधून पायरीवर कसं चढावं, याचा विचार करत उभी होती. तिच्यामागे शाळेच्या दोन पोरी जागा नाही म्हणून सायकली हातात धरून भर रस्त्यातून चालल्या होत्या.

आता हिशेब बघा. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. फुकट झाली, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. वाचलेले पैसे जातात कुठे? शेठच्याच गल्ल्यात! मोटारवाल्याचे आधी पेट्रोलपंपावर जातात. हल्ली पुष्कळसा व्यवहार मोबाइलवर होतो खरा. पण बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ज्या नोटा आमच्या काउंटरवर येतात, त्यांना अजून चंचीतल्या तंबाखूचा वास असतो. मोटारीच्या डिकीत हा वास लागत नाही.

तुम्ही म्हणाल, ही एकट्या केजची गोष्ट. छे! डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहराने १९६२ साली स्ट्रॉयेट हा भर बाजाराचा रस्ता मोटारींना बंद केला, तेव्हा तिथल्या शेठजींनीही 'धंदा बसेल' म्हणून ओरड केली होती. आपल्या थंडीत लोक चालायचे कुठले, असाही सूर होता. लोक चालले. धंदा वाढला. तो रस्ता आजही पायी चालणाऱ्यांचा आहे.

कोपनहेगन लांब राहिलं. शेठ वर्षातून एकदा सहकुटुंब पुण्याला जातात आणि तुळशीबागेत खिसा रिकामा करून येतात. तिथे मोटार शिरते का? शेठ दोन तास पायी हिंडतात, शिवाय पिशव्याही उचलतात!

मी हे सगळं त्यांना ऐकवलं. वर आमच्या बँकेच्या भाषेत म्हटलं, "शेठ, तुमची जमा पायी चालत येते. दारात उभी आहे ती नावे बाजू."

शेठ बराच वेळ गप्प होते. मग उठून त्यांनी चक्क मोटरसायकल पायरीवरून हलवली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

ते जेवायला घरी निघाले होते. घर मागच्याच गल्लीत आहे.